बुटाचं चामडं: कुठलं घ्यायचं, ओळखायचं कसं आणि टिकवायचं कसं (इंदूरच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न)

लग्नसराई आली किंवा घरात कोणाला नवीन नोकरी लागली की राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांतून फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "हे ओरिजिनल आहे ना?" फोटोवरून ते सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे "ओरिजिनल" आहे की नाही यापेक्षा कातड्याचा कुठला थर आहे आणि वर काय फासलंय हे विचारायला हवं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितोय.

"जेन्युइन लेदर" असा शिक्का आहे, म्हणजे माल चांगला ना?

शिक्का फक्त एवढंच सांगतो की यात खरं चामडं आहे. कुठल्या थराचं, किती, वर किती प्लास्टिक चढवलंय, यातलं काहीच सांगत नाही. गाई-म्हशीचं कातडं जाड असतं, त्यामुळे ते मशीनवर आडवं चिरून दोन किंवा जास्त थर काढतात. केसांच्या बाजूचा वरचा थर सगळ्यात घट्ट विणीचा, पाणी कमी पिणारा आणि वाकवला तरी न फाटणारा. खालचा थर म्हणजे स्प्लिट, त्याचे धागे सैल असतात. आता या स्प्लिटवर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, जाड थर चढवायचा, त्यावर रोलरने दाणा, म्हणजे कातड्याच्या पृष्ठभागासारखी नक्षी, छापायची आणि शिक्का मारायचा, झालं जेन्युइन लेदर. कोणी खोटं बोललेलं नसतं, पण दीड-दोन वर्षांत बोटांच्या वळणावर पापुद्रे निघायला लागतात आणि मग लोक म्हणतात की चामड्यात काही राम राहिला नाही.

मग फुल ग्रेन, टॉप ग्रेन, करेक्टेड ग्रेन हे काय असतं?

तिन्ही वरच्याच थराचे. फुल ग्रेन म्हणजे वरचा पृष्ठभाग घासलेला नाही, जनावराच्या अंगावर जे होतं ते तसंच. बारीक रंध्रं दिसतात, कुठे शिरेची रेघ, कुठे जुना ओरखडा. हे बघून गिऱ्हाईक दुकानदाराला "यात डाग आहे" म्हणून परत देतं, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तोच जोड सगळ्यात चांगला असतो.

करेक्टेड ग्रेनमध्ये वरचा भाग पॉलिश पेपरसारख्या मशीनवर घासून खुणा काढतात, मग रंगाचा थर, मग छापलेला दाणा. आपल्याकडच्या जनावरांच्या अंगावर तारेचे ओरखडे, गोचिडांच्या खुणा, डागण्या खूप असतात, त्यामुळे असं चामडं भरपूर वापरलं जातं. एकसारखा काळा चकचकीत ऑफिसचा बूट दिसला की बहुधा हेच. वाईट नाही, पुसायला सोपं, रोज बाइकवर जाणाऱ्याला ठीक. फक्त घडी पडते तिथे रंगाचा थर तडकतो आणि ती तडक पॉलिशने भरत नाही.

टॉप ग्रेन हा शब्द बाजारात सगळ्यात ढिला वापरतात. तसं बघितलं तर वरचा थर तो टॉप ग्रेन, मग फुल ग्रेनही त्यातच आलं, पण दुकानात सहसा थोडं घासलेल्याला टॉप ग्रेन म्हणतात. म्हणून नावावर जाऊ नका, हात लावून बघा.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं कसं?

पहिलं म्हणजे कापलेली कड शोधा. बुटाची जीभ उलटून बघा, नाडीच्या भोकांच्या आतली बाजू बघा, कुठेतरी कड उघडी असतेच. खऱ्या चामड्याच्या कडेला केसाळ धागे दिसतात, वरपासून खालपर्यंत एकजीव. रेग्झीन असेल तर खाली कापडाची जाळी आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा, दोन वेगळे थर स्पष्ट कळतात. जाड कोटिंग केलेलं स्प्लिट असेल तर कडेला वर एक सरळ चकचकीत रेघ दिसते आणि तिच्याखाली भुसभुशीत धागे.

दुसरं, अंगठ्याने दाबा. चांगल्या कातड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडलं की जातात. मोठ्या जाड फुगीर घड्या पडल्या तर एकतर पोटाकडचं सैल चामडं आहे नाहीतर वरचा थर सुटायला आलाय. पाठीच्या कण्याजवळचं चामडं सगळ्यात घट्ट असतं, पोटाकडचं आणि पायांजवळचं ताणलं जातं, आणि चांगला कारीगर पुढचा भाग, म्हणजे जिथे बोटं वाकतात तो, पाठीच्या चामड्यातूनच कापतो आणि पोटाकडचं जिभेला किंवा आतल्या पट्ट्यांना लावतो. दोन्ही बुटांचे पुढचे भाग शेजारी धरून बघा, एकावर बारीक सुरकुती आणि दुसऱ्यावर जाड घडी असेल तर तो जोड घेऊ नका.

तिसरं, दाण्याकडे बघा. एकच नक्षी ठरावीक अंतरावर परत परत येत असेल तर ती छापलेली आहे.

वासावर विसंबू नका, चामड्याच्या वासाचा स्प्रे मिळतो. पाण्याच्या थेंबाची टेस्ट पण अर्धवट आहे, कारण रंगाचा थर असलेलं खरं चामडं पण पाणी पटकन पीत नाही. आणि लायटर लावून बघायचं जे व्हिडिओत दाखवतात ते कृपा करून करू नका, दुकानदाराचा माल आहे तो, आणि कोटिंग जळतं तेव्हा त्यातून तसंही नीट काही कळत नाही.

सोलच्या खाली किंवा आतल्या स्टिकरवर छोटी चित्रं असतात, त्यांचा अर्थ?

ही युरोपच्या नियमातली चित्रं, १९९४ पासूनची, आणि एक्स्पोर्टचा माल असेल तर आपल्याकडेही दिसतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकाराच्या आत छोटं शंकरपाळं असेल तर कोटेड चामडं, म्हणजे वर थर चढवलेलं. जाळी म्हणजे कापड, आणि नुसता शंकरपाळ्याचा आकार म्हणजे इतर मटेरियल, म्हणजे पीयू, रबर वगैरे. वरचा भाग, अस्तर आणि सोल यांची चित्रं वेगवेगळी असतात, त्यामुळे वर चामडं आणि आत शंकरपाळं असं पण निघतं. कोटेड कधी म्हणायचं याचं माप पण ठरलेलं आहे, कोटिंग ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड पण एकूण जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत. चित्र बघायला पाच सेकंद लागतात, आणि सेल्समनच्या "भिया, एकदम प्योर है" पेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवा.

गाय, म्हैस, बकरी, मेंढी यात फरक काय? पायाला कुठलं बरं?

वासराचं चामडं, ज्याला काफ म्हणतात, ते सगळ्यात बारीक रंध्रांचं आणि गुळगुळीत, महागड्या फॉर्मल बुटांना वापरतात. मोठ्या गाई-बैलाचं जरा जाड, दाणा मोठा, पण टिकाऊ. म्हशीचं आणखी जाड, रंध्रं मोठी, वरून खडबडीत, म्हणून वरच्या भागाला लावायचं तर बहुधा घासून दाणा छापतात. सेफ्टी शूज, जाडजूड बूट, चपलांचे तळ यांना म्हैस उत्तम. बाजारात याला बफ म्हणतात.

बकरीचं चामडं लोक उगाच कमी लेखतात. पातळ असतं, वजनाला हलकं, पण धागे इतके घट्ट की त्या जाडीत त्याच्याइतकं मजबूत दुसरं पटकन मिळत नाही. ज्यांचे पाय रुंद आहेत, अंगठ्याजवळ हाड पुढे आलंय, संध्याकाळी पाय सुजतात, त्यांना मी हेच सांगतो, कारण ते पायाच्या आकाराप्रमाणे लवकर बसतं. आईवडिलांसाठी घेताय तर बकरीच्या चामड्याचा मऊ बूट आणि आतही चामड्याचं अस्तर, याला पर्याय नाही. आणि बकरीचं कातडं मुळातच पातळ असल्यामुळे त्याचं चिरून स्प्लिट करायचा धंदा सहसा होत नाही, हा आणखी एक फायदा.

मेंढीचं मऊ लागतं पण लोकरीमुळे आणि चरबीमुळे आतून सैल असतं, वरचा थर सुटतो. अस्तर, हातमोजे, जॅकेट यांना छान, रोजच्या बुटाच्या बाहेरच्या भागाला नको. दुकानात हात लावल्यावर लोण्यासारखं मऊ लागलं की माणूस भुलतो, तिथे जरा थांबून विचारा.

इंदुरात चामड्याची खेळणी बनतात, घोडे, हत्ती, हरणं, त्यांना जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं, मानांकन पण आहे. आत तार, कागद, गवत यांचा सांगाडा आणि वरून कातडं चढवलेलं. मिळालं तर हातात घेऊन बघा, मऊ पातळ कातडं वळणावर कसं ओढून बसवतात ते कळतं. बुटाचा कारीगर फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, तेच करतो, फक्त त्याच्या कामावर पुढे माणसाचं सगळं वजन पडणार असतं.

आम्हाला गाईचं चामडं नको आहे. मग काय विचारायचं?

सरळ विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही आणि आपल्या घरांमधून हा प्रश्न खूप येतो. अडचण अशी की "लेदर" लिहिलेलं असतं, जनावराचं नाव बहुतेक लेबलांवर नसतं. आपल्या देशात म्हैस, बकरी आणि मेंढी यांचं चामडं भरपूर तयार होतं, तेव्हा "बफ आहे का, गोट आहे का" असं नाव घेऊन विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर जिथे चामड्याचा तुकडा समोर ठेवून बूट शिवून देतात तिथे जा. आणि डुकराचं नको असेल तर आतलं अस्तर पण बघा, काही इम्पोर्टेड बुटांत ते असतं. ओळख सोपी आहे, त्याची रंध्रं तीन-तीनच्या घोळक्यात दिसतात.

स्वेड आणि नुबक एकच ना?

नाही. दोन्ही मखमली लागतात पण स्वेड कातड्याच्या आतल्या बाजूचं किंवा स्प्लिटचं, नुबक वरच्या बाजूचं बारीक घासलेलं. म्हणून नुबक जास्त टिकतं आणि महाग असतं. दोघांनाही पॉलिश लावायचं नाही, ब्रशने झाडायचं, डागाला खोडरबर. सराफ्यात रात्री खायला जाताना स्वेड घालू नका, तुपाचा थेंब पडला की तो डाग बसलाच.

पेटंट लेदर लग्नात छान दिसतं, घेऊ का?

एका-दोन फंक्शनसाठी घ्या. त्यावर चकचकीत थर असतो, पूर्वी जवसाच्या तेलाचे हात देऊन करायचे, आता प्लास्टिकचा असतो. पाय आत घामेजतो, आणि एकदा घडीवर चीर गेली की दुरुस्ती नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, चिकट होतं, आणि दोन बूट एकमेकांना टेकले की रंग लागतो.

क्रोम टॅन आणि व्हेजिटेबल टॅन, फरक काय पडतो आपल्याला?

खूप पडतो. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर सडतं, वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. कमावणं म्हणजे त्यातल्या प्रोटीनच्या धाग्यांना असं काहीतरी जोडायचं की ते सडणार नाही आणि मऊ राहील. जुनी पद्धत झाडांच्या सालीची, तीच व्हेजिटेबल टॅन, आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, दक्षिणेत तरवडाची साल. कातडं त्या पाण्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिने ठेवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोमियमचे क्षार वापरायची पद्धत आली, १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने पेटंट घेतलं, आणि काम दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं. कानपूर, चेन्नईकडची अंबूर-राणीपेट, कोलकाता ही आपली मोठी केंद्रं, आणि आपल्या शेजारी देवासला टाटांचा चामड्याचा मोठा कारखाना उभा राहिला तेव्हापासून माळव्यालाही हा धंदा नवा नाही.

क्रोमचं चामडं मऊ, रंग पक्के, पाण्याला आणि उष्णतेला दमदार. कापलेल्या कडेला आत निळसर-राखाडी झाक दिसते बऱ्याचदा. व्हेजिटेबल टॅनचं सुरुवातीला कडक, कड तपकिरी, उन्हात आणि हाताळून गडद होत जातं, पाण्याचे डाग पडतात, पण एकदा पायाचा आकार घेतला की सोडत नाही. म्हणून बुटाचा वरचा भाग क्रोमचा आणि चामडी सोल, इनसोल, पट्टे व्हेजिटेबल टॅनचे अशी वाटणी असते. दोन्हीतलं एक शुद्ध आणि दुसरं वाईट असं लोक सांगतात ते मला पटत नाही. क्रोमचं सांडपाणी नीट साफ न करता सोडलं तर नदीचं नुकसान होतं, कानपूरच्या जाजमऊमध्ये गंगेचं झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, पण म्हणून पावसात चालणाऱ्या माणसाला सालीने कमावलेला बूट घालून दिला तर तो दोन आठवड्यांत रडेल.

क्रोममुळे पायाला पुरळ येतं का?

काहींना येतं. चामड्यातलं नेहमीचं क्रोम तेवढं त्रासदायक नसतं, पण काम नीट झालं नसेल किंवा चामडं फार तापलं तर त्याचं सहा-संयुजी क्रोम नावाचं वेगळं रूप होतं आणि ते त्वचेला त्रास देतं. युरोपात २०१५ पासून त्यावर किलोला ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पायावर पट्ट्याच्याच आकाराचं लाल चट्टं उठत असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, घरगुती लेप नंतर. चिकटवायच्या सोल्यूशनची आणि रबराची पण अॅलर्जी असते, ती टेस्ट करूनच कळते.

कोल्हापुरी इंदूरच्या पावसात चालेल?

नाही. कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची, तळ बहुधा म्हशीचा, आणि अस्सल असेल तर शिलाई चामड्याच्याच वादीची. भिजली की तळ फुगतो, थर सुटतात. दसऱ्यापासून मेपर्यंत खुशाल घाला. २०१९ मध्ये तिला जीआय मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. तेव्हा रेग्झीनच्या पट्ट्याला आणि फोमच्या तळाला कोल्हापुरी म्हणून विकतात त्यांना पैसे देऊ नका, ज्या हातांनी खरी शिवली त्यांच्या पोटावर पाय येतो. नवी टोचत असेल तर आतल्या पट्ट्याला थोडं एरंडेल चोळून रात्रभर ठेवा, घरात थोडा वेळ घालून फिरा.

बूट पूर्ण भिजले, आता?

नाडी काढा, इनसोल निघत असेल तर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली आडवे ठेवा म्हणजे सोलला पण हवा लागेल. दोन-तीन तासांनी कागद बदला. ऊन नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ तर अजिबात नको. ओलं चामडं तापलं की त्यातले धागे आकसतात आणि जे कडक होतं ते परत मऊ होत नाही. वाळायला एक-दोन दिवस लागतील ते लागू द्या. पूर्ण वाळल्यावर क्रीम लावा, कारण पाण्याबरोबर आतलं तेल पण जातं. पांढरी रेघ उठली तर ती क्षारांची, निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर कापडावर घेऊन हलकं पुसा.

बुरशी आली कपाटात.

बाहेर गच्चीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, घरात झाडलं तर बाकीच्या जोड्यांवर उडते. मग तेच व्हिनेगरचं पाणी, मग सावलीत हवा. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, कापडी पिशवीत ठेवा.

खोबरेल लावलं तर चमक येते, मग पॉलिश कशाला?

नका लावू. पहिल्या दिवशी चमकतं, मग धूळ धरतं, चामडं गडद होतं, आणि खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा आपल्या डिसेंबर-जानेवारीत शिलाईत पांढरं साचून बसतं. महिन्यातून एकदा क्रीम पॉलिश, वर चमक हवी तर मेणाचं डबीतलं पॉलिश. स्पंजवालं लिक्विड घाईत ठीक आहे, रोज लावलं तर वर पापुद्रा साठतो आणि तो तडकतो. आणि एकच जोड रोज घालू नका, घाम वाळायला एक दिवस द्या, याने जेवढं आयुष्य वाढतं तेवढं कुठल्याच क्रीमने वाढत नाही.

व्हीगन लेदर म्हणजे रेग्झीनच का?

बहुतेक वेळा पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे हो. मायक्रोफायबर त्यातलं बरं, स्पोर्ट्स शूजमध्ये चांगलं चालतं. वनस्पतींपासूनचे प्रयोग पण होताहेत, अननसाच्या पानांचं, निवडुंगाचं, आणि कानपूरच्या 'फूल' नावाच्या कंपनीने देवळातल्या निर्माल्यावर बुरशी वाढवून फ्लेदर नावाचं मटेरियल केलंय, मला ते फार आवडलं. ज्यांना चामडं वापरायचंच नाही त्यांनी बिनधास्त हे घ्यावं, फक्त चामड्याच्या भावात पीयू घेऊ नये.

लग्नातले बूट डब्यात जपून ठेवले आणि चार वर्षांनी सोलचा भुगा झाला, असं का?

तो पीयूचा सोल. हवेतल्या ओलाव्याने पीयू आतून तुटत जातं, घालो न घालो. त्यात तुमची चूक नाही. वरचं चामडं चांगलं असेल तर नवीन रबराचा किंवा टीपीआरचा, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा, सोल लावून घ्या.

नवीन बूट घट्ट होतोय, दुकानदार म्हणतो सैल होईल.

रुंदीला होईल, लांबीला नाही. बोट पुढे टेकत असेल तर मोठा नंबर घ्या. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

मुलांना शाळेसाठी चामड्याचे घेऊ?

पाय वाढताहेत, वर्षभरात लहान होणार, आणि पावसात डबक्यात उडी मारणारच. साधे धुता येणारे घ्या.

जुना बूट दुरुस्त करण्यासारखा आहे हे कसं ठरवायचं?

वरचा भाग बघा. घडीवर चामडं आरपार फाटलं नसेल, टाचेची आतली वाटी मोडली नसेल तर करण्यासारखा आहे. सोल शिलाईचा असेल तर उसवून नवीन लावता येतो, वेल्ट, म्हणजे वरचा भाग आणि सोल यांच्यामध्ये शिवलेली पट्टी, असलेले बूट त्यासाठीच तसे शिवतात. नुसता चिकटवलेला असेल तरी चांगला मोची जुनं सोल्यूशन खरवडून, कड शिवून देतो, फक्त "वरून चिकटवून द्या" असं सांगू नका, शिलाई मारून मागा. टाच झिजायला लागली की लगेच रबराची पट्टी लावून घ्या, आतल्या लाकडा-चामड्यापर्यंत झीज गेली की खर्च तिप्पट होतो. आणि मोचीकडे देताना बूट पुसून, नाड्या काढून द्या, त्याला फाटलेलं नीट दिसतं.